सज्जातलं सेशन

मला नैराश्य आलं ते कंपनीच्या खर्चाने. त्याआधी मला नुसता कंटाळा यायचा, आणि कंटाळ्यावर आमच्या घरात औषध ठरलेलं होतं. आई समोर खवणी ठेवायची आणि हातात नारळाची वाटी द्यायची. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मटणाबरोबर दूधदुभतं खायचं नाही हा आमचा नियम. त्यामुळे जिथे इतरांचं दह्यावर भागतं तिथे आम्हाला नारळाचं दूध लागतं, आणि कंटाळलेला तरुण मुलगा ही त्या स्वयंपाकातली मोठी सोय असते. दोन नारळ खवून होईपर्यंत माझा कंटाळा तरी गेलेला असायचा नाहीतर बोट तरी कापलेलं असायचं. काहीही झालं तरी विषय बदलायचा.

जुन्या पनवेलात तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. मी 'माझी खोली' म्हणायचो तो बाहेरच्या खोलीचा पडद्याने तोडलेला कोपरा होता. पडद्यावर मोर होते. त्या मोरांच्या आड आईच्या शिलाई मशीनवर फळी टाकून मी एका कुरिअर कंपनीचा ग्राहक सेवा प्रतिनिधी झालो होतो. लोकांची पार्सलं हरवायची आणि मी त्यांना चॅटवर सहानुभूती द्यायचो. सहानुभूती तयार मिळायची. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हे एका बटणावर, 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत' हे दुसऱ्या. एका वेळी पाच जणांना समजून घ्यावं लागायचं, आणि समजून घ्यायला वेळ लागला की वरून विचारणा व्हायची. एकदा घाईत मी एका बाईंना 'अभिनंदन' पाठवलं. त्यांच्या वडिलांचं औषध हरवलं होतं. त्यांनी मला जे उत्तर दिलं त्याला आमच्याकडे बटण नव्हतं.

त्या वर्षी पगारवाढीऐवजी कंपनीने आम्हाला मानसिक स्वास्थ्य दिलं. म्हणजे एक ॲप दिलं. त्यात एक कुंडी होती. रोज सकाळी ती विचारायची, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे असायचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. त्यातला एक दाबला की कुंडीतलं रोप थोडं वाढायचं, नाही दाबला की एक पान गळायचं. आता खिडकीत आईची कढीपत्त्याची खरी कुंडी होती आणि तिला मी जन्मात पाणी घातलं नव्हतं. पण या कुंडीचं पान गळलं की माझा जीव कासावीस व्हायचा. आंघोळीला जाताना मी फोन साबणाच्या खणात ठेवू लागलो. शांत राहण्यासाठी दिलेल्या वस्तूने माणूस इतका अशांत होऊ शकतो हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही, आता वाटतं. मग एके दिवशी त्या ॲपने माझी एक चाचणी घेतली. थकवा किती, झोप किती, निराश किती वेळा वाटतं. मी शाळेतल्या सवयीने एकही प्रश्न रिकामा सोडला नाही आणि जिथे शंका होती तिथे जास्तीचं लिहिलं. नैराश्याचा निकाल लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्यातरी परीक्षेत वरच्या श्रेणीत आलो होतो.

हसतोय मी आता, पण त्यातली एक गोष्ट खोटी नव्हती. संध्याकाळी लॅपटॉप मिटून मी आईला हाक मारायचो तेव्हा माझ्याच आवाजाला दचकायचो, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. दिवसभर शेकडो माणसांशी बोलून एकाही माणसाशी बोललो नाही असं रोज व्हायचं. मित्र होते, ते फोनमध्ये होते. ते कुठे कुठे जेवले याचे फोटो मी बघायचो आणि त्यांना हृदयं पाठवायचो. आपण नसलो तर जगात एक हृदय कमी पोचेल, एवढाच काय तो फरक, असं मला खरोखरच वाटू लागलं होतं.

वरच्या श्रेणीमुळे मला ॲपवर व्हिडिओ कॉलने बोलणाऱ्या समुपदेशक गौरी मॅडम मिळाल्या. त्या नागपूरच्या, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसायचं, पण त्या हलल्या की कपाट त्यांच्या कानात शिरायचं, त्यावरून ते खोटं आहे हे कळायचं. खरा होता तो मागचा कुकर. मी मनाच्या तळाशी पोचलो की त्याची शिट्टी व्हायची आणि मॅडमच्या डोळ्यांत क्षणभर 'किती झाल्या?' असा प्रश्न दिसायचा. नेट अडकलं की त्या अर्धवट मिटल्या डोळ्यांनी आणि उघड्या तोंडाने थिजायच्या आणि तेवढ्यात आवाज यायचा, 'मी ऐकतेय.' 'मला समजतंय' असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी पटकन विचारलं, "मॅडम, हे कुठल्या बटणावर आहे?" त्या हसल्या. तिथून आमचं जमलं.

मॅडमनी मला सीमा आखायला शिकवलं. त्या म्हणाल्या, आपल्या माणसांना प्रेमाने सांगायचं की ही माझी वेळ आहे. मी त्याच दिवशी मोरांवर कागद टाचला: 'सेशन चालू आहे. आत येऊ नये.' आईने तो नीट वाचला. मग पडदा सारून आत आली.

"हे काय लावलंयस? बोंबील किती तळू?"

"आई, सेशन चालू आहे. ही माझी बाउंडरी आहे."

"बरं. किती तळू ते सांग, मग मार बाउंडरी." आणि फोनकडे वाकून, "जेवलात का हो मॅडम?"

घरात एकांत नाही म्हणून पुढचं सेशन मी जिन्यात घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलो. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, श्वास आत घ्या. मी घेतला आणि तो सगळा माशांच्या वासाचा निघाला. डोळे उघडले तर हिराबाई पाटी उतरवून माझ्या खालच्याच पायरीवर दम खात बसलेली. ती उरणजवळच्या करंजा बंदराची कोळीण, आमच्या इमारतीत मासळी द्यायची, आणि तिला कागदाची बाउंडरीसुद्धा ठाऊक नव्हती.

"कुनाशी बोलतंस रं? पोरगी हाय?"

"डॉक्टर आहेत मावशी."

"डॉक्टर? काचंत बसून नाडी कशी बघनार त्या?"

"नाडी नाही. मन."

"मनाला काय झालंय तुज्या?" तिने माझ्याकडे सुरमईकडे बघावं तसं, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बघितलं. "आमच्या करंज्याला ये येक दिस लिलावाला. येवढा कालवा असतो, मन कुठं ठिवलंय त्ये सापडनार नाय तुला."

मला वाटलं, आता मॅडम रागावणार, सेशनची गोपनीयता मोडली म्हणून. फोनमधून आवाज आला, "बोंबील म्हणजे कसा असतो हो दिसायला? मी बघितलाच नाही कधी." हिराबाईने पाटीतून एक उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. थेंब पडले. ते सेशन त्यातच संपलं आणि ॲपने नेहमीप्रमाणे विचारलं, 'आज आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं असं वाटलं का?' मी तीन तारे दिले. त्यातला एक बोंबलाचा.

आता सिनेगॉगबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी फजिती तिथे झाली. पनवेलचे रिक्षावाले त्याला इस्रायलांची मशीद म्हणतात आणि बरोबर नेऊन सोडतात. आमच्या काही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाहीत. त्या दहांना मिन्यान म्हणतात. नऊ ज्ञानी आले तरी प्रार्थना अडते, दहावा अगदी माझ्यासारखा असला तरी चालतो. पूर्वी म्हणे उभं राहायला जागा नसायची. मग माणसं एकेक करून इस्रायलला गेली, अश्दोदला, लोदला, आणि माझ्या वेळेपर्यंत गावात कसेबसे दहा उरले. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत हा आणखी एक नियम. त्यासाठी दहा शब्दांची एक हिब्रू ओळ आहे, तिचा एकेक शब्द एकेकाला द्यायचा. शब्द पुरले की माणसं पुरली. हे काम बाबांकडे होतं. सगळ्यांत लहान म्हणून शेवटचा शब्द कायम माझा. बाबा तो उच्चारताना माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू मी जागेवर असणं हाच एक किरकोळ चमत्कार आहे.

सिनेगॉगला वर लाकडी सज्जा आहे, बायकांसाठी. लहानपणी मी तिथे हसकेल-काकांच्या बायकोच्या, राहेल-काकींच्या मांडीवर बसायचो. त्या मला खजूर भरवायच्या आणि खालच्या पुरुषांवर शेरे मारायच्या. वरून खालचं सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं. "ह्यांची टोपी बघ. परत वाकडी," काकी म्हणायच्या. आणि खाली काकांचा हात डोक्याकडे जायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना टोपीखाली खाज येते. पुढे मी तेरा वर्षांचा झालो आणि नियमाप्रमाणे खाली पुरुषांत बसायला आलो. तोवर बायका इतक्या थोड्या उरल्या होत्या की त्या गुडघ्यांचं कारण सांगून खालीच मागच्या बाकावर बसू लागल्या. सज्जा रिकामा पडला. वर बसून खालचं ऐकू येतं एवढं मला ठाऊक होतं. उलट बाजूची माहिती मिळायला वर कोणी बोलणारंच राहिलं नव्हतं.

राहेल-काकी जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. हसकेल-काका पोस्टातून निवृत्त झालेले, कानात यंत्र, स्वभाव सिनेगॉगमधल्या समईसारखा, कोणी लक्ष देवो न देवो, तेवत असलेला. त्यांचा मुलगा अश्दोदला. तो काकांना कायमचं तिकडे नेणार होता आणि तिकीट आलं होतं. जायच्या आधीच्या आठवड्यात काकी गेल्याचा दरवर्षीचा दिवस होता. त्या दिवशी सकाळी काका त्यांच्या नावाने कद्दिश म्हणणार होते. ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, आणि तिला दहा जण लागतात. पनवेलातली त्यांची ही शेवटची.

माणसं जमवायचं काम सॅमसन-मामांचं. हे आईचे चुलतभाऊ, गावचे मोठे टोमणेबहाद्दर. पूर्वी ते आदल्या संध्याकाळी दारोदार फिरायचे आणि प्रत्येक दारात एक चहा आणि एक भांडण करून यायचे. गुडघे गेल्यावर त्यांनी फोनवर ग्रुप काढला. "गुरुवारी सकाळी, राहेलसाठी" असा निरोप पडला की लोकांनी अंगठे टाकायचे. त्या वेळी तेरा अंगठे आले. मामा खूश झाले. म्हणाले, "बघा, विज्ञान! एक चहा न पिता तेरा माणसं." त्या तेरांत अश्दोदचे तीन आणि लोदचा एक अंगठा आहे, हे कोणीच पाहिलं नाही. गेलेली माणसं ग्रुपमधून जात नाहीत. त्यांना पनवेलचं काही दिसलं की ती सवयीने अंगठा टाकतात.

मीही टाकला होता. पण त्याच सकाळी, त्याच वेळी ॲपने माझं सेशन लावलं, आणि फुकटची सेशनं मोजकी होती, चुकवलं की गेलं. मी हिशेब केला: तेरा आहेत, आपल्यावाचून काय अडतंय? आईने तर प्रार्थनेसाठी ढकलून घराबाहेर काढलंच होतं. मग मी सोपा मार्ग काढला. सगळ्यांच्या आधी सिनेगॉगमध्ये पोचलो, सज्जात चढलो, काकींच्या बाकावर बसलो, कानांत इअरफोन घातले. संपूर्ण पनवेलात याहून एकांताची जागा नव्हती.

कानांत बोळे घातलेला माणूस स्वतः किती मोठ्याने बोलतो हे त्याला कळत नाही. मी मॅडमना आधी घरातलं सांगितलं. पडद्याचं, बाबांच्या त्या नजरेचं. मग म्हणालो, "आमच्यात एक सॅमसन-मामा आहेत. फार टॉक्सिक माणूस." मॅडमनी विचारलं, म्हणजे कसा? मी उदाहरणं दिली. सविस्तर दिली, मामांच्या आवाजात दिली. आणि मग जे इतके महिने ओठांवर येऊन परत जायचं ते शेवटी बोललो. "मॅडम, खरं सांगू? मी नसलो तरी कुणाचं काहीही अडणार नाही."

मॅडम थिजल्या. मला वाटलं, नेट गेलं. पण नेट होतं. त्या कान देऊन काहीतरी ऐकत होत्या.

"तुम्हाला कोणी बोलावतंय का?" त्या म्हणाल्या.

"नाही. इथे कोणीच नाहीये."

"आहेत. पुष्कळ जण आहेत. ते ओरडतायत."

मी इअरफोन उपटले.

"अडलंय रे गाढवा!" खालून सॅमसन-मामा गर्जत होते. "अर्धा तास अडलंय! नऊ जण ताटकळत बसलोत! खाली ये, मग तुझं टॉक्सिक बघतो!"

माझ्या पायाखालचा आरडाओरडा नागपूरला पोचला होता, मला नाही. मी कठड्यावरून वाकून बघितलं. नऊ चेहरे वर झालेले. बाबा कपाळाला हात लावून. नंतर कळलं ते असं, की ती मंडळी मला शोधत माझ्या फोनवर फोन करत होती आणि तो 'व्यत्यय नको' वर होता. तेरा अंगठ्यांमुळे मामांनी कोणाला आठवण केली नव्हती. मग मामांनी तोडगा काढला, की अश्दोदच्या एकाला पडद्यावर दहावा म्हणून उभा करू. बाबा म्हणाले, पडद्यावरचा माणूस मिन्यानात धरत नाहीत. मामा म्हणाले, अंगठा धरला तो? त्यावर वाद रंगला असतानाच वरून माझा आवाज सुरू झाला होता, आणि मग कोणालाच मध्ये बोलावंसं वाटेना. मामांचं उदाहरण येईपर्यंत सगळे मन लावून ऐकत होते म्हणे. फक्त हसकेल-काका एकेकाचं तोंड बघत विचारत होते, "कोण बोलतंय? काय म्हणतोय?" त्यांच्या यंत्राला एवढ्या लांबचं येत नसावं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो.

"मॅडम, मला..."

"जा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "मी आहे इथे. जा आधी."

फोन बाकावर तसाच ठेवून मी जिना उतरलो. बाबांनी शब्द वाटले. शेवटचा त्यांनी माझ्याकडे न बघताच उच्चारला, आणि काका उभे राहिले. कद्दिशमध्ये मेलेल्या माणसाचं नावही येत नाही आणि मरणही येत नाही, सगळी देवाची थोरवी. काकांचा आवाज एरवी पोस्टाच्या खिडकीतून यावा तसा, कोरडा. तो एका जागी अडकला. आम्ही 'आमेन' जरा लवकरच म्हटलं आणि त्यांना पुढे ढकललं.

प्रार्थनेनंतर अंगणात टेबल मांडलं होतं. उकडलेली अंडी, खजूर, केळी, पाव. एकेकावर आशीर्वाद म्हणून खायचं. आता माझी पाळी आली.

"काय रे," सॅमसन-मामा म्हणाले, "तुझी कोणाला गरज नाही म्हणे? ही घे तीस अंडी, सोल."

"मामा, मी तसं..."

"टॉक्सिक म्हणजे काय रे?"

"म्हणजे... तिखट, मामा."

"मॅडमना म्हणावं, नक्कल बरी करतो आमचा पोरगा. फक्त मी असा नाकात बोलत नाही." हे त्यांनी नाकातच सांगितलं.

तेवढ्यात मला आठवलं, फोन वरच राहिलाय. मी उठलो तर काका म्हणाले, "बस तू. मी आणतो." सगळे म्हणाले, काका, तो जिना तुम्हाला नाही झेपणार. "तिची जागा एकदा बघून येतो," काका म्हणाले. ते एकेक पायरी चढताना लाकूड कुरकुरत होतं. दारं सताड उघडी होती. मग वरून आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, खणखणीत.

"हॅलो? कोण? डॉक्टरीणबाई का? मी हसकेल. नाही, नाही, मला काही झालेलं नाही."

मामांचं हसू फुटता फुटता राहिलं.

"मुलगा चांगला आहे हो. सून चांगली आहे. तिकडे घराला लिफ्ट आहे. सगळं चांगलं आहे, तीच तर पंचाईत आहे. वाईट असतं तर नाही म्हणालो असतो."

मग थोडा वेळ काही नाही. मॅडम बोलत असणार.

"आता इथे मी धरून दहा. मी गेलो की नऊ. नवांत होत नाही. तिकडे मी म्हणेन तिच्या नावाने, तिकडे माणसं पुष्कळ. पण ती तिकडे नाहीये ना. ती इथे झोपलीय, पनवेलात. तिच्या गावात तिच्यासाठी कोणी उभंच राहिलं नाही, तर तिला काय वाटेल? भांडखोर बाई होती. विचारेल मला."

अंगणात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी अंडी सोलत होतो. मामांनी माझ्या पुढ्यातलं एक उचललं आणि तेही सोलू लागले, कवच संपलं तरी सोलत राहिले, पांढरं निघून पिवळं हाताला लागेपर्यंत. बाबांनी खजुराची बशी सरळ केली, मग परत सरळ केली. काका खाली आले, फोन माझ्या हातात दिला. "बरी आहे रे बाई. ऐकून घेते," म्हणाले, आणि पाव घेतला.

माझी थट्टा पुढे कितीतरी महिने चालली. पनवेलात मला 'थेरपी' हे नाव पडलं. अजून काही म्हातारे त्याच नावाने हाक मारतात, माझ्या मुलीसमोर. पण काका वर जे बोलले त्याबद्दल कोणाच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही, काकांसमोर नाही, त्यांच्या माघारी नाही, मामांच्याही तोंडून नाही. मॅडमना मी पुढच्या सेशनला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं मी तुम्हाला सांगणार नाही." मी म्हणालो, "सांगू नका, आम्ही सगळ्यांनी ऐकलं." त्यावर त्या इतक्या हसल्या की कपाट पूर्ण त्यांच्या डोक्यात शिरलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "मग आता काय करणार आहात?" मी म्हणालो, मी काय करणार? काका ठरल्या दिवशी गेले. तेव्हापासून ग्रुपवर अश्दोदहून एक अंगठा जास्त येऊ लागला. कुंडीतलं माझं रोप त्याच सुमारास वाळलं, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मी कढीपत्त्याला पाणी घालायला लागलो होतो.

वर्ष झालं. काकींचा दिवस जवळ आला तरी मामांनी ग्रुपवर निरोप टाकला नाही. एकही अंगठा नव्हता. मला वाटलं, विसरले. मी आपला एकटाच पेणला जाऊन आईच्या मावसभावाच्या हातापाया पडून आलो. तो पहाटेची एसटी धरून येतो म्हणाला. त्या सकाळी मी त्याला घेऊन, छाती फुगवून सिनेगॉगमध्ये शिरलो. तर सॅमसन-मामा ठाण्याहून आपल्या झोपाळू मेव्हण्याला रिक्षात कोंबून घेऊन आलेले. बाबांनी मोरा बंदरावर नोकरी करणारा आमच्यातला एक जण गाठला होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबा शब्द वाटत आले आणि शब्द संपले तरी माणसं उरली. मला शब्दच मिळाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे जास्तीचा होतो. खरोखरच माझ्यावाचून अडत नव्हतं, आणि मी दात काढून हसत उभा होतो.

मी काकांना फोन लावला. तिकडे अजून उजाडलं नव्हतं, पण काका टोपी घालून तयार बसलेले. मी फोन फिरवून सगळे चेहरे दाखवले. प्रत्येकाने हात केला. ठाण्याच्या मेव्हण्याने जांभई दिली.

"काका, पडद्यावरचा माणूस धरत नाहीत," मामा ओरडले, "पण आमेन म्हणायला हरकत नाही. थेरपी, फोन इथे पुढे ठेव."

"पुढे नको," काका म्हणाले. "वर नेऊन ठेव. तिच्या बाकावर. तिथून खालचं सगळं ऐकू येतं."

"काका," मी म्हणालो, "वरचंही खाली ऐकू येतं. तुम्ही त्या दिवशी मॅडमशी बोललात ते..."

"मला सांगतोस?" काकांची टोपी पडद्यावर थोडी वाकडी दिसत होती. "चाळीस वर्षं ती तिथून माझी टोपी सरळ करायची. मी खाली बसून ऐकायचो. मग तुम्हा सगळ्यांना सांगणार तरी कसं होतो? तोंडावर?"

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यात नाक शिंकरलं, फार मोठ्याने.

मी जिना चढलो, फोन बाकावर उभा केला, कॅमेरा खाली सगळ्यांकडे केला. निघताना वाकून हळूच म्हणालो, "काका, टोपी."

पडद्यावर त्यांचा हात डोक्याकडे गेला.